डबिंग सुटतंय? आधी दोरा बघ

भावा, प्रश्न वाचला. साताऱ्यात बसून व्हिडिओ बघत तू बारा नंबरच्या हुकवर हेअर्स इअर निंफ बांधायला घेतलीयस, म्हणजे मासे धरायची फ्लाय, हुकवर दोरा-केस गुंडाळून केलेला पाण्यातल्या अळीसारखा नकली किडा, दोरा राजवाड्याजवळच्या दुकानातला शिलाई मशीनचा, डबिंग म्हणून, म्हणजे बॉडीसाठी दोऱ्यावर वळायला, घरच्या मांजराचे विंचरून निघालेले केस, आणि तक्रारी तीन. केस दोऱ्याला धरत नाहीत, नुसते गोल फिरतात. धरले तर बॉडी नको तेवढी जाड होते. आणि कण्हेर धरणावर दोन-तीन चिलाप्या लागल्या की सगळं उसवून हुकला नुसता पुंजका लोंबतो. मग विचारलंयस की चांगलं डबिंग कुठलं मागवू.

कुठलंच मागवू नकोस, निदान आत्ता तरी. मांजराचे केस अजिबात वाईट नाहीत, उलट बारीक ड्राय फ्लायसाठी, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायसाठी, लोक ज्या मऊ केसांचे पैसे मोजतात तसलेच ते आहेत. तुझं घोडं अडलंय ते दोऱ्यापाशी. डबिंगच्या दहातल्या आठ तक्रारी दोऱ्याच्या निघतात आणि उरलेल्या दोन जास्त केस घेतल्याच्या, हे माझं ठाम मत आहे, कुणाला पटो न पटो. त्यामुळं आधी दोऱ्याचं सविस्तर सांगतो, कंटाळा करू नकोस.

फ्लायच्या दोऱ्यावर दोन तऱ्हेचे आकडे असतात. एक म्हणजे ६/०, ८/०, १२/० असले, यात शून्यं जितकी जास्त तितका दोरा बारीक. दुसरा डेनिअर, म्हणजे नऊ हजार मीटर दोऱ्याचं वजन किती ग्रॅम, इथं आकडा जितका मोठा तितका दोरा जाड. विट्यात किंवा इचलकरंजीत कुणी यंत्रमागवाला ओळखीचा असेल तर त्याला हे सांगावं लागत नाही, त्यांचं सुताचं काउंट आणि पॉलिस्टरचं डेनिअर असंच एकमेकाच्या उलट चालतं. ८० काउंटचं सूत म्हणजे साधारण ६६ डेनिअर, आणि ४० काउंट म्हणजे १३३. आता घोळ असा की शून्यवाला आकडा कंपनी आपल्या मनानं छापते, त्याला कुठलंही एक माप नाही. डॅनव्हिलचा ६/० साधारण ७० डेनिअरचा आणि युनीचा ६/० साधारण १३६ चा, म्हणजे डब्यावर आकडा तोच आणि आत जवळपास दुप्पट डेनिअरचा दोरा. युनीचा ८/० घेतलास तर तो ७२ च्या आसपास येतो. व्हिडिओतला माणूस नुसतं सिक्स-ऑट म्हणतो आणि आपण कुठला तरी ६/० मागवतो, मग आपली फ्लाय त्याच्यासारखी का दिसत नाही म्हणून डोकं खाजवत बसतो. डेनिअर बघून घे, विषय संपला.

आता तुझा मशीनचा दोरा. आपल्याकडं टेलरकडं सर्रास असतो तो १२० टिकिटाचा स्पन पॉलिस्टर, डेनिअरमध्ये काढला तर सव्वादोनशे-अडीचशेच्या दरम्यान जातो. म्हणजे फ्लायच्या ७० डेनिअरच्या तिप्पट. बॉडी जाड होते म्हणतोस, अरे केस लावायच्या आधीच तिथं दोऱ्याचा ढीग झालेला असतो. वर तो दोन-तीन पदरी घट्ट पिळलेला आणि गोल असतो, चपटा होतच नाही, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर उभा राहतो. बारा नंबरच्या निंफला हुक गुंडाळून मागं जायचं, शेपूट बांधायची, तार बांधायची, आणि मग पुढं यायचं, एवढ्यात किती थर झाले मोज. मोठ्या स्ट्रीमरला, म्हणजे छोट्या माशासारख्या लांब फ्लायला, दोन नंबरच्या हुकला वगैरे (हुकचा नंबर जितका लहान तितका हुक मोठा), तो दोरा चालतो, तिथं मीही वापरतो आणि त्यात लाज काही नाही.

जाडीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट आहे पीळ, आणि हे व्हिडिओत कुणी धड सांगत नाही. काही दोरे नुसत्या तंतूंचा सैल जुडगा असतात, यूटीसी ७० त्यातलाच, हुकवर टेकला की पसरून चपटा बसतो. काही पिळून, चिकटवून गोल केलेले असतात, युनी तसला. चपट्याचा फायदा म्हणजे थर पातळ बसतो आणि त्याचे तंतू वेगळे करता येतात, त्याचा उपयोग खाली येईल. गोलाचा फायदा म्हणजे हुकच्या टोकाला घासला तर लगेच चिंध्या होत नाहीत. आणि उजव्या हातानं बांधणाऱ्यानं एक लक्षात ठेवायचं, आपण दोरा हुकवरून पलीकडं नेत गुंडाळतो तेव्हा प्रत्येक वेढ्याला दोऱ्यात थोडा पीळ वाढत जातो. पंधरा-वीस वेढ्यांनी चपटा दोरासुद्धा गोल होऊन बसतो. तेव्हा थांबायचं, बॉबिन होल्डर, म्हणजे रीळ धरणारं नळीचं हत्यार, मोकळा लोंबू द्यायचा आणि वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेनं गरागरा फिरवायचा, की दोरा परत पसरतो. घड्याळाच्या दिशेनं फिरवला की आवळतो. बहुतेक दोऱ्यांचं असंच आहे, पण एखादा उलटा निघाला तर डोळ्यानं दिसतंच, दिव्याखाली धरून बघ.

हा पीळच तुझ्या पहिल्या तक्रारीचं मूळ आहे. केस दोऱ्याला चिकटत नाहीत, ते दोऱ्याभोवती वळले जातात. समईची लांब वात वळताना तळहात एकाच दिशेनं जातो, मागं-पुढं घासलं तर कापूस वळतो आणि लगेच उलगडतो, डबिंगचं तंतोतंत तेच. तू चिमटीत धरून मागं-पुढं मागं-पुढं चोळतोयस, म्हणून केस नुसते फिरतात. एका दिशेनं वळ, चिमूट सोड, परत सुरुवातीला आण, परत त्याच दिशेनं वळ. आणि तुझा स्पन दोरा बाहेरून खरखरीत असला तरी इतका जाड आणि घट्ट आहे की थोडेसे मऊ केस त्याच्याभोवती आवळून बसतच नाहीत.

कुठला दोरा घ्यायचा तर सरळ ७० डेनिअरचे दोन रीळ, एक काळा-तपकिरी आणि एक फिकट पिवळा किंवा ऑलिव्ह. त्यावर दहा ते सोळा नंबरपर्यंतचं सगळं निघतं. त्याहून मोठं, म्हणजे महसीरसाठी, आपल्याकडं जुनी माणसं खडशी म्हणतात ती, चार-सहा नंबरच्या जड निंफ किंवा क्लाउझर (जड डोळ्यांची स्ट्रीमर) बांधायच्या असतील तर १४०. नायलॉन की पॉलिस्टर यावर लोक भांडतात, मला फरक एवढाच वाटतो की नायलॉन जास्त ताणला जातो, ताणून बांधला की मागं आक्रसतो आणि सामान घट्ट धरतो, पण तुटायच्या आधी किती ताणायचं ते हाताला कळायला वेळ लागतो. पॉलिस्टर कमी ताणतं, पाणी पीत नाही, नवशिक्याला अंदाज लवकर येतो. जीएसपी (जेल-स्पन पॉलिथिलीन) म्हणून एक पांढरा गुळगुळीत दोरा मिळतो, त्याच जाडीला इतर दोऱ्यांपेक्षा खूपच मजबूत, केसांच्या बेडकासारख्या फ्लायला वगैरे उत्तम, पण डबिंगसाठी त्याच्या नादी लागू नकोस, केस त्यावरून घसरतात आणि साध्या कात्रीनं तो कापतही नाही. भरतकामाचा चमकता रेयॉन दिसायला भारी असतो, मोहात पडशील, पण रेयॉन ओला झाला की त्याची निम्मी ताकद जाते आणि आपली फ्लाय तर पाण्यातच राहणार. त्यानं बॉडीवर पट्टे मार, बांधायला वापरू नकोस.

आणि बाहेरून मागवायचं नसेल तर एक इकडचा जुगाड. विट्यात, माधवनगरला किंवा इचलकरंजीला पॉलिस्टर चालवणाऱ्या कारखान्यात ७५/३६ एफडीवाय (फुली ड्रॉन यार्न) म्हणून यार्नचा कोन असतो, म्हणजे ७५ डेनिअर आणि आत ३६ तंतू. त्याला पीळ जवळपास नसतो. कोनाच्या बुडाशी उरलेलं सूत ते असंच देतात, शिलाई मशीनच्या रिकाम्या बॉबिनवर गुंडाळून आणायचं. ताकद तीनशे ग्रॅमच्या आसपास भरते, फ्लायच्या दोऱ्याला तेवढी बास आहे. दोन भानगडी आहेत, एक म्हणजे रंग बहुधा पांढरा, तो मार्कर पेननं हुकवर असतानाच रंगवायचा. दुसरी म्हणजे त्याला कारखान्याचं तेल असतं, त्यामुळं मेण लावल्याशिवाय केस धरत नाही. क्रिंप केलेलं, फुगीर, केसाळ दिसणारं सूत देतील ते घेऊ नकोस, ते ओव्हरलॉकचं काम.

दोरा सारखा तुटत असेल तर दोऱ्याला शिव्या द्यायच्या आधी बॉबिन होल्डरच्या नळीचं तोंड बघ. स्वस्तातल्या नळीला आतून बारीक कंगोरा असतो, कापसाचा बोळा तोंडावरून फिरवला आणि तंतू अडकले की समजायचं. पॉलिश पेपरची बारीक सुरळी करून घास, किंवा सिरॅमिक नळीचा घे. आणि होल्डरचे पाय थोडे बाहेर वाकवून ताण कमी कर, दोरा तुटायच्या जरा आधी रीळ फिरलं पाहिजे.

मेणाबद्दल. तू मेण वापरत नाहीयेस असं दिसतंय, कारण कुठं उल्लेखच नाही. सातारा जिल्ह्यात असून मेण विकत मागवायचं म्हणजे कमाल आहे. महाबळेश्वरात मधाचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या आहे, शेजारचं मांघर तर २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिकडं गेलास की पोळ्याचं शुद्ध मेण आण. नुसतं मेण मात्र चिकट कमी आणि गुळगुळीत जास्त, त्यात राळ लागते. राळ पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळते, मिरजेत वाद्यांच्या दुकानात गजाला लावायची स्वच्छ राळ मिळते ती आणखी चांगली. मी राळ आणि मेण वजनानं साधारण समसमान घेतो आणि वर एरंडेलाचे थोडे थेंब. मेण ६२-६४ अंशाला वितळतं, राळेला जास्त वेळ लागतो म्हणून ती आधी कुटून घ्यायची. गरम पाण्याच्या पातेल्यात डबी ठेवूनच वितळवायचं, थेट गॅसवर अजिबात नाही, राळ भडकते. एरंडेल उन्हाळ्यात कमी आणि थंडीत जास्त, कारण सांगलीच्या एप्रिल-मे मध्ये हिवाळ्याचं मिश्रण डबीतच पातळ होऊन बसतं. संपलेल्या लिप बामच्या नळीत ओतून ठेव, वापरायला सोपं. दोऱ्याच्या जेवढ्या भागावर केस लावायचेत तेवढ्यावरच एकदा ओढायचं, बोटाला लावू नकोस, नाहीतर केस दोऱ्याऐवजी बोटाला चिकटतात आणि मग चिडचिड.

आता प्रत्यक्ष बांधताना कसं, ते बारा नंबरच्या निंफवर सांगतो. शेपूट आणि तार बांधून दोरा हुकच्या वळणाशी आलाय, हुकपासून बॉबिनपर्यंत दोरा चार-पाच बोटं लांब ठेवलाय. चिमूटभर केस उचल. त्यातले निम्मे परत ठेव. उरलेल्यातले परत निम्मे ठेव. हे थट्टेनं सांगत नाहीये, खरंच इतकेच लागतात. आता ते केस ओढून ओढून विस्कट, म्हणजे सगळे एका दिशेला न राहता आडवेतिडवे होतील, तसे झाले की एकमेकांत अडकतात. दोऱ्याला मेण लावलंय, त्यावर हे केस नुसते टेकव, जिथं टेकतील तिथं, दोरा मधूनमधून दिसला पाहिजे. मग अंगठा आणि तर्जनीच्या पेरात धरून एका दिशेनं वळ, वरून खाली सरकत. वरचं टोक निमुळतं, खाली येताना किंचित जाड. झालेली दोरी शिलाईच्या दोऱ्यापेक्षा थोडीच जाड दिसली पाहिजे, लोकरीच्या धाग्याएवढी दिसली तर काढून टाक आणि परत कर. पहिला वेढा घ्यायच्या आधी वळलेले केस दोऱ्यावरून वर सरकव, हुकच्या दांड्याला भिडेपर्यंत, मधे उघडा दोरा राहिला की शेपटीशी दोऱ्याचं कडं दिसतं. वेढे एकाशेजारी एक, घट्ट, आणि पुढं जाताना जाडी आपोआप वाढते कारण दोरीच तशी वळलीय. कमी पडलं तर परत थोडं लाव, जास्त झालं तर काढणं जिवावर येतं. हुकच्या डोळ्यामागं, म्हणजे दोरी ओवायच्या भोकामागं, एका डोळ्याएवढी जागा मोकळी सोड, प्रत्येक नवशिक्याची फ्लाय इथंच मार खाते, डोकं बांधायला जागाच उरत नाही.

छातीचा भाग, म्हणजे थोरॅक्स, तिथं मात्र केस ताठ, राठ आणि विस्कटलेले पाहिजेत, पाय दिसल्यासारखे. तुझे मांजराचे केस इथं कमी पडतात. कुठल्याही जनावराच्या अंगावर दोन थर असतात, आतली मऊ दाट लव आणि बाहेरचे लांब राठ केस. लव दोऱ्यावर छान वळते पण बॉडी गुळगुळीत होते, राठ केस वळायला त्रास देतात पण तेच बाहेर काट्यासारखे राहून फ्लायला जीव आणतात. हेअर्स इअर चालतं ते सशाच्या तोंडा-कानावरच्या आखूड राठ केसांमुळं, त्यात दोन्ही मिसळलेलं असतं. म्हणून मिश्रण करायचं.

इकडं त्याला सोन्यासारखी लोकर आहे. जत, आटपाडी, माण, खटावकडचे धनगर मेंढरं कातरतात तेव्हा काळी-करडी दख्खनी लोकर मिळते, घोंगडीची. ती राठ असते, नुसती वापरलीस तर बॉडी ब्रशसारखी, पण तीन भाग मऊ लव आणि एक भाग ती कात्रीनं बोटाच्या पेराएवढी आखूड कापून मिसळलीस की निंफचं डबिंग तयार. कोकराचं पहिलं जावळ मिळालं तर त्याच्याएवढं चांगलं काही नाही, मऊ, बारीक आणि पाण्यात किंचित पारदर्शक दिसतं. घोंगडीतूनच केस उपटायला जाऊ नकोस हं, तिला चिंचोक्याची खळ दिलेली असते, केस कडक आणि चिकटलेले निघतात. कच्ची लोकर आधी कोमट पाण्यात शाम्पू घालून धू, निंफसाठी तेल पूर्ण जायला हवं कारण ती बुडायची आहे, ड्राय फ्लायसाठी थोडा तेलकटपणा राहिला तर फायदाच. लोकरीची गंमत म्हणजे इंग्लंडात टप्स इंडिस्पेन्सेबल म्हणून एक नामांकित जुनी फ्लाय आहे, तिच्या मूळ कृतीत एडक्याच्या नको त्या जागची लोकर लागते, का तर तिथली लोकर बारीक आणि पाण्यात चमकते म्हणून. धनगराला हे मागून बघ, तो काय म्हणतो ते मला कळव.

मिसळायला दोन पद्धती. बाटलीत पाणी, शाम्पूचा एक थेंब आणि सगळे केस घालून खदाखदा हलव, चहाच्या गाळणीत गाळ, पेपरवर पसरून सावलीत वाळव. हे सगळ्यात छान. घाई असेल तर मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दोन-तीन झटके, पण तेवढ्यासाठी वेगळं जुनं भांडं घे, नाहीतर घरात जेवण मिळायचं नाही. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड असली कुत्री वर्षात दोनदा भरपूर लव सोडतात, शेजाऱ्याला सांगून ठेव, तो आनंदानं देतो. बोकडाचे लांब केस खाटकाकडं मिळतात, ते डबिंगला नाहीत, स्ट्रीमरच्या पंखाला.

आणि हे नीट वाच. रानसशाचे, मुंगसाचे, सांबराचे केस कुणी आणून देतो म्हणाला तरी घ्यायचे नाहीत, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली थेट गुन्हा आहे. रानकोंबड्याचं तर विशेष, आपल्या सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याच्या मानेवर मेणचट चकाकीचे ठिपके असलेली पिसं असतात, ती परदेशातल्या सॅल्मन फ्लायमध्ये शंभर वर्षांवर वापरली गेली, म्हणून जुन्या कृतींत जंगल कॉक हे नाव सारखं दिसेल. तिकडं आता पाळलेल्या पक्ष्यांची पिसं विकतात. कोयना आणि चांदोली २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत, तिथून पीस उचलून आणायचा विचारही नको, आणि त्या हद्दीत गळ टाकायचाही नाही. बाकी धरणांवर मासेमारीचा ठेका सोसायटीकडं असतो, त्यांना विचारून बस. पाळीव ससा, मेंढी, बोकड, कुत्रं, मांजर, कोंबडी, एवढ्यात आयुष्यभराच्या फ्लाय होतात.

राठ मिश्रण बोटानं दोऱ्यावर नीट वळत नाही, त्यासाठी लूप. थोरॅक्सच्या जागी आलास की दोरा आठ-दहा सेंटिमीटर खाली ओढून परत हुकवर आण, म्हणजे दोऱ्याचा फास तयार होतो, त्याच्या मुळाशी दोन-तीन वेढे देऊन दोन्ही पाय, म्हणजे फासाचे दोन्ही दोरे, एकत्र कर आणि बॉबिन पुढं डोळ्याजवळ नेऊन ठेव. फासाच्या खालच्या टोकाला वजन अडकव, दुकानातलं डबिंग स्पिनर पाहिजेच असं नाही, जाड तारेचा आकडा करून त्याला एक नट अडकवला की काम होतं. फासाच्या आत मेण लाव, दोन पायांच्या मधे केस आडवे सरकव, विरळ, आणि वजन गरागरा फिरव. सुरुवातीला काहीच होत नाही असं वाटतं, मग एकदम दोन्ही दोरे आवळले जातात आणि केस चारी बाजूनं उभे राहतात. जुन्या टूथब्रशनं खाजव म्हणजे अडकलेले बाहेर येतील. मग प्रत्येक वेढ्याला केस मागं सारत गुंडाळ. लूपची बॉडी चिलापीनं कितीही चावली तरी सुटत नाही, कारण केस दोन दोऱ्यांच्या पिळात अडकलेत. तोटा म्हणजे दोरा दुप्पट होतो, त्यामुळं चौदा नंबरपेक्षा लहान हुकवर बोजड दिसतं.

तसल्या लहान हुकवर मग दोरा फाडायचा, स्प्लिट थ्रेड म्हणतात ती पद्धत, आणि इथं चपटा दोराच लागतो, तुझा शिलाईचा किंवा युनीसारखा गोल चालत नाही. बॉबिन उलटा फिरवून दोरा पूर्ण चपटा कर, तर्जनी मागं धरून त्यावर तो पसरव, दिव्याचा उजेड बाजूनं येऊ दे म्हणजे तंतू वेगवेगळे दिसतात. बारीक सुई मधोमध घाल, एका बाजूला कमी आणि एका बाजूला जास्त तंतू गेले तर कमी बाजू तुटते, म्हणून घाई नको. फटीत बोट सरकव, केस ठेव, अगदी थोडे, बोट काढ, दोन्ही बाजू मिटतात, मग बॉबिन घड्याळाच्या दिशेनं फिरव. सोळा नंबरच्या फ्लायलाही यानं केसाळ आणि तरी पातळ बॉडी येते. विट्याच्या त्या एफडीवायवर हे इतकं सुंदर होतं की विकतचा दोरा मी या कामाला आता घेत नाही.

चिलापीमुळं उसवतं म्हणालास त्यावर आणखी एक उपाय तार. बॉडी गुंडाळली त्याच्या उलट दिशेनं तांब्याची तार गुंडाळ, चार-पाच वेढे, मधे अंतर ठेवून. त्याच दिशेनं गुंडाळलीस तर तार केसांत बुडून गायब होते आणि एका जागी दोरा तुटला की सगळं मागं उलगडतं. उलट गेली की प्रत्येक वेढा ओलांडून धरते. तार विकत घेऊ नकोस, मोटार रिवाइंडिंगवाल्याकडं इनॅमलची तार मिळते, ३८ गेज म्हणजे ०.१५ मिलिमीटर, बारा-चौदा नंबरला ही बरोबर. मोठ्या हुकला ३६ घे.

रंगाचं शेवटी सांगतो कारण लोक उगाच इथूनच सुरू करतात. कोरडी बॉडी बघून रंग ठरवू नकोस, बांधून झाली की वाटीत बुडव. केस ओले झाले की आतल्या दोऱ्याचा रंग वर येतो, फिकट पिवळ्या दोऱ्यावर करडे केस ऑलिव्हकडं झुकतात आणि काळ्या दोऱ्यावर तेच केस मेल्यासारखे दिसतात. रेशमाचा दोरा तर ओला झाल्यावर कितीतरी गडद होतो. दिवाळीनंतर पाणी निवळलं की मी पिवळा-ऑलिव्ह दोरा घेतो, आणि पावसाळ्यात, कृष्णा गढूळ असताना, काळा किंवा गडद तपकिरी, तेव्हा माशाला रंग दिसतच नाही, सावली दिसते.

आणि हे सगळं जमेपर्यंत मासे धरायचेच असतील तर फ्रँक सॉयर या इंग्लंडमधल्या नदी-राखणदाराची युक्ती वापर, तो निंफ दोऱ्याशिवाय बांधायचा, नुसत्या तांब्याच्या बारीक तारेनं, त्यामुळं वजनही आपोआप यायचं. त्याची किलर बग नावाची फ्लाय म्हणजे तार आणि रफूची करडी-गुलाबीसर लोकर, बास. ती चॅडविक ४७७ नावाची लोकर कधीच बंद झाली आणि उरलेल्या कार्डांना शौकीन वेड्यासारखे पैसे मोजतात, पण तुला जतची करडी लोकर आहे, दोन बोटात पिळून लांब धागा कर, बारा नंबरच्या हुकवर आधी तारेचा एक थर, मग लोकरीचे दोन थर, शेवटी तारेचे चार घट्ट वेढे आणि तोड. यात डबिंग नाही, मेण नाही, बॉबिनसुद्धा नाही. कण्हेरच्या चिलाप्या त्यावर व्यवस्थित येतात. दोऱ्याचे रीळ आले की ७० डेनिअरवर एकच निंफ सलग पाच-सहा बांध, सगळ्यांचे एका ओळीत फोटो काढून पाठव, शेपटीकडून आणि बाजूनं असे दोन्ही.